मुका गुडघा

एक

मायाचा श्वास थांबला तेव्हा वॉर्डात कोणीच ओरडलं नाही. पंखे फिरत होते, पलीकडच्या खाटेवर एक बाळंतीण बाळाला पाजत होती, आणि माया उताणी पडून, डोळे अर्धे उघडे ठेवून, हळूहळू निळी पडत होती. संचिता सिस्टर सहज ब्लडप्रेशर घ्यायला आली म्हणून कळलं. तिने मायाच्या छातीकडे पाहिलं. मग खिशातली रबरी हातोडी काढून गुडघ्याखाली ठोकली.

गुडघा हलला नाही.

हे मला दुसऱ्या दिवशी हर्षितने फोनवर सांगितलं. हर्षित माझा जुना विद्यार्थी, आता डोंबिवलीच्या एका प्रसूती रुग्णालयात डॉक्टर. मी ठाण्याच्या घरी देवापुढे बसले होते. ज्येष्ठातली निर्जळी एकादशी, बाहेर ऊन असं की डांबर वितळावं.

"मॅडम, आठवड्यात ही दुसरी. आधी करिश्मा, आता माया. करिश्मा सावरली. माया व्हेंटिलेटरवर आहे. आणि मॅडम, दोघी कमी डोसवाल्या."

"कमी?"

"तेच तर म्हणतोय! पूर्ण डोसवाल्या सगळ्या ठणठणीत. कमी औषधाने विषबाधा झाल्याचं कधी ऐकलंय तुम्ही?"

ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षं मी औषधशास्त्र शिकवलं. गरोदरपणात रक्तदाब भलता चढला की बाईला फेफऱ्यासारखे झटके येतात, बाळंतपणानंतरही येऊ शकतात, आणि त्यात जीव जातो. ते येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. औषध जुनं, स्वस्त, गुणाचं. पण अंगात जास्त साठलं तर आधी गुडघा मुका होतो, मग श्वास थांबतो, मग हृदय. म्हणून प्रत्येक डोसाआधी हातोडी मारायची. गुडघा उडाला तर द्यायचं, नाहीतर सुई खाली ठेवायची.

हर्षित दोन पद्धतींची तुलना करत होता. एका गटाला पंपाने शिरेतून सतत संथ धार. दुसऱ्या गटाला सुरुवातीला शिरेतून, मग ठरावीक वेळाने कमरेखाली इंजेक्शन, आणि तेही नेहमीच्या निम्मं. आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांना निम्मं पुरतं का, एवढाच साधा प्रश्न.

"आणि मॅडम..." त्याचा आवाज खाली गेला. "तिसरी आत्ता वॉर्डात आहे. रुपाली. काल सिझर झालं. पुढचा डोस दिवेलागणीला. देऊ का नको?"

मी माळ पिशवीत ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

दोन

रुपाली डोंबिवलीच्याच एका शाळेत बालवर्गाला शिकवायची. चेहरा सुजलेला, बोटांतली अंगठी रुतून बसलेली, पण मला बघून हसली.

"मॅडम, मी पण जाणार का? शेजारच्या ताईंसारखी?"

"कुठे जातेस? बाळाचं बारसं कोण करणार?" मी म्हटलं. पण तिचा हात धरला तेव्हा माझाच गार होता.

तिला डोळ्यांपुढे काजवे दिसत होते, कपाळ ठणकत होतं. म्हणजे झटका दाराशी उभा होता. औषध थांबवलं तर तो आत येणार. दिलं तर मायासारखा श्वास थांबायची भीती. हातोडीने गुडघा पाहिला. उडाला, पण आळसावल्यासारखा.

मागून कोणीतरी खाकरलं. डॉ. नयन, इथले सगळ्यांत ज्येष्ठ. हर्षितच्या अभ्यासाला त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध.

"सांगितलं होतं मी या मुलाला. वर्षानुवर्षं चाललेली पद्धत कशाला उकरायची? आता बसा निस्तरत. माझं ऐकाल तर औषध बंद करा, अभ्यास बंद करा, आणि त्या सिस्टरला पोलिसांकडे द्या. मायाचा भाऊ तक्रार द्यायला गेलाच आहे."

"संचिताला? का?"

"इंजेक्शनं कोण देतं? तीच. मायाच्या रक्तात मॅग्नेशियम दुप्पट निघालंय. निम्म्या डोसातून दुप्पट कसं होईल? कोणीतरी जास्त टोचलं, सरळ हिशोब आहे." मग माझ्या कपाळावरच्या बुक्क्याकडे पाहून ते गालात हसले. "तुम्ही दमला असाल. पलीकडच्या देवळात आज कीर्तन आहे म्हणे. जाऊन बसा जरा. वॉर्ड आम्ही बघतो."

मी औषधांच्या खोलीकडे वळले. जाता जाता एक मनात आलं. हा अभ्यास बुडावा असं ज्याला मनापासून वाटतं, तो माणूस रोज याच वॉर्डातून फेरी मारतो.

तीन

संचिता औषधांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. पंचविशीची मुलगी, कल्याणहून येणारी. डोळे कोरडे होते, आणि हातोडी तिने छातीशी घट्ट धरली होती.

"पाणी घ्या मॅडम."

"आज पाणीसुद्धा नाही गं. निर्जळी आहे."

"एवढ्या उन्हात?" ती क्षणभर स्वतःचं दुःख विसरली. "मॅडम, देवाची आण घेऊन सांगते, मी एक थेंब जास्त दिला नाही. मायाला इंजेक्शन द्यायच्या आधी गुडघा ठोकला. चांगला टण्णकन उडाला. मग दिलं. आणि हे सगळं व्हायला संध्याकाळ झाली."

"इंजेक्शन कधी?"

"दुपारी."

मी विचारात पडले. स्नायूत दिलेलं औषध चढायचं ते तास-दीड तासात चढतं, मग ओसरायला लागतं. दुपारचं इंजेक्शन संध्याकाळी श्वास थांबवत नाही. मधे काहीतरी घडलं होतं.

"औषधाची खोकी बघू."

औषधाच्या काचेच्या कुप्या, ॲम्प्यूल, दोन्ही गटांना एकाच खोक्यातून जात होत्या. हर्षितने त्या तपासूनही घेतल्या होत्या, मात्रा बरोबर होती. म्हणजे कुपीत विष नव्हतं.

"तिघींमध्ये आणखी काही सारखं दिसलं? कितीही फालतू असू दे."

"फालतूच आहे. तिघींची पोटं बिघडली. रुपालीला आज सकाळपासून जुलाब. नयन सर म्हणतात, कॅन्टीनचा रवा खराब असेल."

"पंपवाल्यांची पोटं?"

"ठीक आहेत. त्या तर आतल्या काचेच्या खोलीत असतात."

"आत का?"

"पंपावर सतत लक्ष ठेवावं लागतं ना. तिकडे कोणाला सोडत नाही. इंजेक्शनवाल्या बाहेर मोठ्या वॉर्डात. इथे भेटायच्या वेळेला नुसती जत्रा असते."

इतका वेळ आम्ही सगळे दोन डोस शेजारी ठेवून बघत होतो. दोन खोल्या शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या. इंजेक्शनवाल्या बायकांना औषध कमी मिळत होतं, पण त्यांच्यापर्यंत माणसं पोचत होती.

जे काय येत होतं, ते बाहेरून येत होतं. कोणाच्या तरी हातून.

चार

मोठ्या वॉर्डात तीन खाटा एका ओळीत. मधली मायाची, रिकामी, चादर ओढलेली. एका बाजूला रुपाली, दुसऱ्या बाजूला करिश्मा, सगळ्यांत आधी श्वास अडकलेली. ती आता उशीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. तिच्या उशाशी एक वयस्क बाई, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पितळी तांब्या. करिश्माची आत्या, रंभा. कोपरीची. तिचं सासर पिढ्यान् पिढ्या खाडीकाठी मिठागरात राबलेलं.

"बस गो बाय," तिने मला स्टूल दिलं. "तोंड कवरा सुकलाय तुजा! पानी पी."

"आज निर्जळी, आत्या."

"माजी पन!" ती खूश झाली. "संध्याकाली देवलान कीर्तन हाय. मी दर एकादशीला जातंय. आज या पोरींना सोरून कशी जाऊ? या मायाला कोन नव्हता गो. भाऊ कामाव जाय. मीच केस विंचरले तिचे."

खरंच, तिचा पदर धरावा असं माणूस. वॉर्डातली बाळं तिच्या हातात गेली की रडायची थांबत. मी तिच्याशी कीर्तनाच्या गप्पा मारल्या, कुठल्या बुवांचा आवाज कसा, आख्यान कोण रंगवतं. बोलता बोलता माझी नजर तांब्यावर गेली. घासून लखलखीत, पण गळ्याशी पांढरा थर धरलेला. खाडीकाठच्या भांड्यांना धरतोच, असं म्हणून मी नजर काढून घेतली.

मग मी वॉर्डातल्या सगळ्या नातेवाइकांना एकच प्रश्न विचारला. पेशंटला तोंडाने काही दिलंत का? औषध, काढा, चहा, पाणी, काहीही?

सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती, बाहेरचं काही द्यायचं नाही.

रंभाआत्याने तर गळ्याला चिमूट लावली. "पान्याचा थेंब नाय दिला, देवाशपत. डाक्तर नको बोलला ना? मंग नाय."

ती खोटं बोलत नव्हती. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्यात मी, खोटं मला कळतं.

रुपालीला विचारलं. "नाही मॅडम, काही नाही खाल्लं. भूकच नाही. तोंड नुसतं कडू कडू झालंय."

खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं होतं. हर्षित दारात आला, चेहरा पांढराफटक.

"मॅडम, आता सांगावं लागेल. डोस भरू का?"

"थांब जरा."

"थांबलो आणि झटका आला तर?"

त्या वेळी पलीकडच्या गल्लीतून पेटीचा सूर आला. नयनसाहेबांचा टोमणा आठवला आणि मी ठरवलं, खरंच जायचं. डोकं चालेनासं झालं की मी नेहमी तिथेच जाते. "पाच मिनिटांत आले," असं हर्षितला म्हटलं आणि जिना उतरले.

पाच

मंडपात बुवांचा पूर्वरंग संपत आला होता. झांजा, तबला, उदबत्तीचा वास, घामेजलेल्या माणसांची दाटी. मी मागे उभी राहिले, हात जोडले. पांडुरंगा, मला अक्कल दे नाहीतर त्या पोरीला आयुष्य दे. दोन्ही देता येत नसेल तर दुसरं दे.

पुजारी तीर्थाचं भांडं घेऊन फिरत होते. माझ्यापुढे आले. मी उजवा तळवा खोलगट केला, तीर्थ घेतलं, ओठांना लावलं, प्यायले, हात डोक्यावरून फिरवला.

शेजारी एक तरुण सून उभी होती. तिने डोळे मोठे केले. "काकू, निर्जळी म्हणालात ना मघाशी चपला काढताना? मग पाणी प्यायलात?"

मी हसले. "अगं, पाणी कुठे प्यायले? ते तीर्थ होतं. तीर्थाने कधी उपास मोडतो का?"

शब्द तोंडातून गेले आणि माझं हसू तिथल्या तिथे गोठलं.

पान्याचा थेंब नाय दिला, देवाशपत.

पांढऱ्या थराचा तांब्या. मिठागर. बिघडलेली पोटं. कडू तोंड.

मी चपला न घालता पळाले. साठी उलटलेली बाई गल्लीतून पळताना बघून रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला. दवाखान्याच्या जिन्यावर भेटीला आलेल्यांची गर्दी होती. "सरका, सरका रे!" वॉर्डाच्या दारातून मला दिसलं ते असं.

रुपालीचं डोकं एका हाताने उचलून धरलेलं. दुसऱ्या हातात वाटी, रुपालीच्या ओठांना टेकलेली. आणि रंभाआत्या, आईसारख्या आवाजात, म्हणत होती, "डोले मिट नि घे. आईचा नाव घे."

सहा

वाटी मी हाताने उडवली. भिंतीवर शिंतोडे उडाले.

"किती प्यायली?"

"येक घोट... काय झाला गो?"

"आणि सकाळी?"

"सकाली आख्खी वाटी. पन ता पानी नाय! ता आमचे आईचा तीर्थ हाय!"

"संचिता, हातोडी!"

संचिताने ठोकलं. एकदा. जागा बदलून पुन्हा. रुपालीचा सुजलेला पाय उशीवर पडून राहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"रुपाली! रुपाली, माझ्याकडे बघ!"

तिचे ओठ हलले पण शब्द झाला नाही. छाती उचलत होती, फार सावकाश, प्रत्येक वेळी आता पुढचा श्वास येतो की नाही असं वाटावं इतकी सावकाश. हर्षित भरलेली सिरिंज घेऊन उभा होता. संध्याकाळचा डोस.

"ती खाली ठेव! कॅल्शियम आण! कॅल्शियम ग्लुकोनेट!"

हाच उतारा. तो प्रत्येक खाटेच्या उशाशी ठेवलेला असतो. संचिताने तो अशा वेगाने भरला की काच फुटल्याचा आवाज माझ्या कानावर नंतर आला. हळूहळू, अगदी हळूहळू तो शिरेत गेला. नयनसाहेब स्वतः तिच्या नाकावर मास्क धरून फुगा दाबत होते. त्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता. त्या घटकेला माझा त्यांच्यावरचा संशय गळून पडला. हा माणूस हट्टी होता, खुनी नव्हता.

बाहेर टाळ्यांच्या ठेक्यावर गजर चालला होता. आत आम्ही सगळे एका गुडघ्याकडे बघत होतो.

बऱ्याच वेळाने संचिताने पुन्हा हातोडी मारली. पाय किंचित, लाजल्यासारखा, हलला.

रुपालीने मोठा श्वास घेतला आणि कुजबुजली, "फार कडू होतं हो."

सात

तांब्यात तळाशी थोडं उरलं होतं. मी बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. कडूजहर, खाली गुळाची चव.

"आता सांगा," नयनसाहेब म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता.

"मिठागरात मीठ धरलं की ते उचलतात. मागे जे पाणी उरतं ते खारट नसतं, कडू असतं. मीठ निघून गेलेलं असतं, राहतं ते मुख्यतः मॅग्नेशियम. तुमच्या ॲम्प्यूलमध्ये जे आहे, त्याचंच भावंड. पूर्वी जुलाबासाठी घ्यायचे तसलं मीठ. म्हणून पोटं बिघडली. चांगल्या माणसाच्या अंगातून ते लघवीवाटे निघून जातं. या बायकांची मूत्रपिंडं आधीच दमलेली, त्यात ते पाणी आटवून दाट केलेलं. वर आमची इंजेक्शनं. दोन्ही एकमेकांत मिसळली."

"म्हणून भेटायची वेळ झाली की..." हर्षित म्हणाला.

"की गुडघा मुका. इंजेक्शनच्या आधी तपासलेला गुडघा खरंच उडत होता. संचिता खरं सांगत होती. आणि काचेच्या खोलीत आत्या जाऊ शकत नव्हती, म्हणून पूर्ण डोसवाल्या वाचल्या. हर्षित, तुझ्या निम्म्या डोसाला मी आज निर्दोषही म्हणणार नाही आणि दोषीही. त्याची परीक्षा अजून झालेलीच नाही."

हर्षित संचिताकडे वळला. "तू तर रोज इथे होतीस! ही बाई वाटी देताना तुला दिसली नाही?"

"दिसली ना सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

संचिता गोंधळून बघत राहिली. "सर, ते तीर्थ होतं."

तिला काय बोलणार? मी स्वतः निर्जळी एकादशीला तळवा पुढे करून आले होते.

आता राहिली होती रंभाआत्या. ती मायाच्या रिकाम्या खाटेच्या कडेवर बसली होती, तांब्या मांडीवर घेऊन. आम्ही काय बोललो त्यातलं तिला किती कळलं होतं, ठाऊक नाही. पण हे आपल्या तांब्यामुळे झालं, एवढं कळलं होतं.

"माजे सासऱ्याचे मिठागराव आईचा देऊल हाय," ती म्हणाली. "मीठ उचलला का मागचे पान्याने आईची आंघोल. ता गूल घालून आटवला का तीर्थ. ज्याचे पाय सुजतान त्याला आमी देताव. माजी सासू देयाची, मी देतंय. करिश्माला दिला. ती मरनाचे दारातशी मागारी आली. मना वाटला, आईने वाचवली." तिने वर पाहिलं. "मंग मायाला दिला. आपली नसली तरी कोनाची तरी लेक ना?"

"हो, आत्या."

"मंग मायाला मीच..."

मला कीर्तनातल्या कितीतरी गोष्टी पाठ होत्या, ज्यांत शेवटी देव धावून येतो. त्यातली एकही मला त्या वेळी सांगता आली नाही. मी तिच्या शेजारी बसले. तिने तांब्या माझ्या हातात दिला.

"आई कोपली का गो माज्याव?"

"आई नाही कोपली. आईला यातलं काही ठाऊकच नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. आणि आम्ही शिकलेल्यांनी विचारायचं ते नीट विचारलं नाही."

ती उठली. पदर कमरेला खोचला आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी जाऊन जमिनीवर बसली. मायाचा भाऊ पोलिसांना घेऊन आला तेव्हाही ती तिथेच होती. तिने कोणी विचारायच्या आत सगळं त्याला सांगितलं, एक शब्दही न गाळता. पोलिसांनी जबाब लिहून घेतला. तो पोरगा हात उगारून उभा राहिला, आणि तसाच उभा राहिला. मग तिच्यापासून थोड्या अंतरावर, भिंतीला टेकून, तोही खाली बसला.

आठ

द्वादशीची सकाळ उजाडली. पारण्याची वेळ. कॅन्टीनवाल्याने दोन स्टीलचे पेले भरून आणून दिले, एक मला, एक रंभाआत्याला. रात्रभर तिने पापणी मिटली नव्हती. घसा माझाही चिरफाळला होता. रुपाली वॉर्डात बाळाला थोपटत होती, रक्तदाब उतरत होता. गुडघा तासातासाला बोलत होता.

मी पेला ओठांपाशी नेला तेवढ्यात दार उघडलं. संचिता. हातात हातोडी.

"मायाचा गुडघा उडाला," ती म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदाच रडली.

भाऊ उठून उभा राहिला. रंभाआत्या बसूनच होती. तिने विचारलं, "डोले उघरले?"

"अजून नाही आत्या. डॉक्टर म्हणतात, वाट बघू."

रंभाआत्याने पेल्याकडे पाहिलं. मग तो हळूच, पाणी न सांडता, जमिनीवर ठेवला.

"मंग मी पन वाट बघतंय," ती म्हणाली.

मी माझा पेला तिच्या पेल्याशेजारी ठेवला.